कामांची यादी वाढतेच आहे, कामं मात्र वेळेवर होत नाहीत. कॉलेजचं सगळं एका जागी कसं आणायचं?

सापडेना यांचा प्रश्न

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पदार्थविज्ञान. (अरे-तुरे केलंत तरी चालेल, किंबहुना तेच करा.)

अभ्यास झेपत नाही अशातला भाग नाही. झेपत नाही ती कामांची आवक. पाच विषय, दोन प्रॅक्टिकल, वर चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट. आणि प्रत्येक काम वेगळ्या वाटेने येतं. एक असाइनमेंट पोर्टलवर पडते. एक सर फक्त मेल करतात. एक मॅडम तास संपता संपता, सगळे बॅगा भरत असताना तारीख सांगतात. उरलेलं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तेही कुणीतरी 'अरे ते उद्या आहे ना?' असं विचारल्यावर कळतं. नोटिस बोर्ड आहे तो वेगळाच.

यादी करत नाही असं नाही. फोनमध्ये या क्षणाला जे आहे ते जसंच्या तसं देतो:

लंबक रिपोर्ट, मॅट्रिक्स असाइनमेंट, प्रोजेक्ट, ऑप्टिक्स वाचणे, नोट्स पूर्ण, फॉर्म, प्रोजेक्ट – बाकीच्यांना विचारणे, लायब्ररी.

यातला 'फॉर्म' कुठला हे आता मलाही सांगता येत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सगळी आवक एका जागी कशी आणायची? एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधायचा, कारण 'दोन तासांत होईल' म्हणून बसावं तर अख्खी रात्र जाते? आणि नोट्स-फाइली परीक्षेच्या आधी सापडतील अशा कशा ठेवायच्या?

ॲपची नावं कृपया सुचवू नका. नवीन ॲप घेऊन त्यात रंगीत लेबलं लावत बसण्यात जो वेळ जातो तो पुरे झाला.

---

पेन्सिल

ॲप नको म्हणालास ते बरं केलंस, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद तेच आले असते.

माझा एकच उपाय: संपूर्ण सत्र एका कागदावर. मोठा कागद घे, आडव्या ओळी म्हणजे आठवडे, उभे रकाने म्हणजे वार, आणि भिंतीला लाव. महिन्याची पानं उलटावी लागणारं कॅलेंडर फसवतं. आज २९ तारीख असली तरी पुढच्या पानावरची ४ तारीख 'पुढच्या महिन्यात' वाटते. एका कागदावर ती खालच्याच ओळीत दिसते. बाकी जाणकार सांगतीलच.

---

उलटी_गणती

मी पीएचडी करतेय, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रॅक्टिकलचे रिपोर्ट तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे. म्हणजे तुझ्या प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या टेबलावर येऊन पडते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ असेल तेव्हा वाच.

आधी तुझी यादी. ती कामांची यादी नाहीच, ती विषयांची नावं आहेत. 'प्रोजेक्ट' हे काम बसून करता येत नाही. 'ऑप्टिक्स वाचणे' हे तर कधी संपलं म्हणायचं? अशी नोंद रोज दिसते, रोज नकोशी वाटते आणि तशीच भिजत पडते. नोंद अशी हवी की वाचल्यावर हात कुठे घालायचा ते कळेल, आणि झाली की झाली हे तिसऱ्या माणसालाही सांगता येईल. 'ऑप्टिक्स वाचणे' ऐवजी 'व्यतिकरणाच्या प्रकरणातली सोडवलेली उदाहरणं, पुस्तक मिटून पुन्हा सोडवणे'. लांबलचक दिसते, दिसू दे.

तुझ्याच यादीतला 'लंबक रिपोर्ट' घेऊ, कारण तो मी इतक्यांदा तपासलाय की झोपेतही गुण देईन. त्यात खरी कामं अशी: रीडिंग स्वच्छ तक्त्यात उतरवणे, प्रत्येक लांबीसाठी दोलनकालाचा वर्ग काढणे, लांबीविरुद्ध दोलनकालाचा वर्ग असा ग्राफ काढणे, स्लोपवरून जीची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत काढणे (स्लोप म्हणजे 4π² भागिले जी), त्रुटी किती ते मांडणे, आणि मग लिखाण. बहुतेक जण हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री सलग करतात. वेळेवर आणि नीट देणारी जी मुलं असतात ती हुशारच असतात असं नाही, त्यांच्या डायऱ्याही फार देखण्या नसतात. ती फक्त तक्ता आणि ग्राफ प्रॅक्टिकलच्याच दिवशी संध्याकाळी उरकतात.

त्याने काय होतं ते सांगते. लांबी एक मीटर असेल तर एका दोलनाला साधारण दोन सेकंद लागतात, वीस दोलनांना चाळीस सेकंद. मोजताना एक दोलन हुकलं आणि एकोणीसच झाली, तर घड्याळ अडतीस सेकंद दाखवणार. तू मात्र वीसनेच भागणार. वर्ग यायला हवा चारच्या आसपास, येणार ३.६. आकड्यांच्या रांगेत हे लक्षात येत नाही, पण ग्राफवर तो बिंदू रेषेच्या खाली लोंबकळतो. त्याच संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सहायकांना विचारून ते एक रीडिंग पुन्हा घेता येतं, निदान काय झालं असेल ते आठवतं. तीन आठवड्यांनी, आदल्या रात्री दिसला तर दोनच वाटा: बिंदू खोडून 'दुरुस्त' करणे (ते तपासणाऱ्याला कळतं, कळत नाही असं समजू नका) किंवा तसाच ठेवून निष्कर्षात 'मानवी त्रुटी' असं लिहिणे. हे दोन शब्द मी इतके वाचलेत की आता त्यांना गुणच देत नाही.

सांगायचा मुद्दा, काम कधी *द्यायचं* यापेक्षा त्याचा कुठला भाग कधी *स्वस्तात* होतो हे बघ. प्रॅक्टिकलच्या दिवशी ग्राफला अर्धा तास लागतो. तोच महिन्याने काढायचा तर आधी स्वतःचं अक्षर लावण्यातच तेवढा वेळ जातो.

आता आवक. वाटा पाच असणारच, त्या बंद करणं तुझ्या हातात नाही. पण सगळ्या वाटा एकाच दारात आणून सोडता येतात. मी खिशात मावेल अशी वही ठेवते. जे कळेल ते आधी तिथे, मोडक्या अक्षरात, आणि कोणी कधी सांगितलं ते पुढे. 'मॅडम, मंगळवारचा तास, असाइनमेंट ३, पुढचा गुरुवार.' कोणी सांगितलं हे लिहायचं कारण पुढे ग्रुपवर 'गुरुवार की शुक्रवार' अशी जुंपली की विचारायचं कुणाला ते माहीत असतं. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला तारा लावून ठेवू नकोस. तारा लावला की आणखी एक जागा तयार झाली, जिथे तू कधीच परत जाणार नाहीस. रात्री झोपायच्या आधी वहीतलं एकेक कॅलेंडरवर चढवायचं आणि वहीत काट मारायची. कॅलेंडर भिंतीवरचं की फोनमधलं याला महत्त्व नाही, ते एकच असण्याला आहे.

सत्राच्या सुरुवातीला मात्र एक मोठी बैठक मारावी लागते. प्रत्येक विषयाचं नियोजन घेऊन बसायचं, त्यातली झाडून सगळी तारीख कॅलेंडरवर घालायची, आणि *पुढे गुणांचा वाटा लिहायचा*. हे कुणी करत नाही. यादीत पाच टक्क्यांची असाइनमेंट आणि चाळीस टक्क्यांचा प्रोजेक्ट सारख्याच उंचीच्या ओळी घेऊन बसतात, आणि माणूस साहजिकच छोटी ओळ आधी खोडतो. मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुझं सत्र आत्ता मध्यावर असेल तरी ही बैठक मारता येते, उरलेल्या आठवड्यांपुरती.

या बैठकीतून आणखी एक गोष्ट बाहेर येते: कुठल्या आठवड्यात सगळं एकत्र अंगावर येणार ते. प्रत्येक शिक्षकाला स्वतःचाच विषय दिसतो, त्यामुळे चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तिघांच्याही तारखा पडतात. तीन आठवडे आधी जाऊन 'सर, या आठवड्यात तीन सबमिशन आहेत, दोन दिवस पुढे जाईल का' म्हटलं तर बऱ्याचदा ऐकतात. आदल्या रात्रीच्या मेलला मीसुद्धा नाही म्हणते.

दुसरा प्रश्न, वेळेचा अंदाज. तुझ्या एकट्याचा अंदाज चुकत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याला 'प्लॅनिंग फॅलसी' (नियोजनातली गफलत) असं नाव दिलं. पुढे १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं काही बिनसलं तर किती? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट काय होईल असं विचारून काढलेला आकडासुद्धा कमी पडला!

याचं कारण असं सांगतात की अंदाज बांधताना आपण या कामाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणतो, आणि त्या चित्रात प्रिंटर नेहमी चालू असतो. मागच्या वेळी खरोखर किती वेळ लागला होता ते आठवत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. म्हणून एवढंच कर: काम संपलं की त्याच्यासमोर लागलेला वेळ लिही. अंदाज आणि प्रत्यक्ष, दोन आकडे शेजारी शेजारी. महिन्याभरात तुझा स्वतःचा गुणक दिसायला लागेल. माझा लिखाणाच्या कामात जवळपास दुप्पट आहे आणि गणितं सोडवण्यात फार तर सव्वापट. म्हणजे 'मी आळशी आहे' हे निदान चुकीचं, 'मी लिखाणाला कमी वेळ धरते' हे बरोबर. पहिल्याला औषध नाही, दुसऱ्याला आहे.

आणि मग माझ्या नावाप्रमाणे उलटी गणती. तारीख २० असेल तर माझी तारीख १९. लिखाण पुरं १७ ला हवं, तर ग्राफ-त्रुटी १४ ला, तर तक्ता... असं मागे मागे येत आजपर्यंत. कॅलेंडरवर फक्त २० लिहून ठेवलं तर २० उजाडेपर्यंत ते काम दिसतच नाही. या मधल्या तारखा त्याच कॅलेंडरवर हव्यात, वेगळ्या वहीत नकोत.

फाइलींबद्दल नंतर लिहिते, आत्ता गठ्ठा वाट बघतोय.

---

सापडेना

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. 'मानवी त्रुटी' वाचून घाम फुटला, कारण वहीत तेच शब्द तयार आहेत. लंबकाचा ग्राफ आजच काढतो.

एक शंका. हे सगळं वेळापत्रक आखून झालं तरी एक दिवस हुकला की पुढचे सगळे डबे घसरतात. मग ते बघावंसंच वाटत नाही. ते कसं सांभाळता?

---

रात्रपाळी

याचं उत्तर मी देतो. मी शिकता शिकता नोकरी करतो, आणि माझ्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. उलटी_गणती यांचं बाकी सगळं पटलं, पण 'सोमवारी ७ ते ९ ऑप्टिक्स' छापाचं वेळापत्रक (त्यांनी ते सुचवलेलं नाही, पण वाचणारे बहुतेक तेच करतील) ज्याचा दिवस स्वतःच्या हातात नाही त्याने करूच नये.

मी वेळ नाही, आठवडा बांधतो. या आठवड्यात अमुक इतकी कामं व्हायलाच हवीत, वार कुठलाही. आणि कामांचे दोनच ढीग: डोकं ताजं लागणारी आणि डोकं थकलं तरी होणारी. सिद्धता समजून घेणं, कोड लिहिणं पहिल्यात. तक्ते उतरवणं, संदर्भ नीट करणं, फाइलींना नावं देणं, प्रिंट काढणं दुसऱ्यात. पाळीवरून आल्यावर मी दुसऱ्या ढिगातलंच उचलतो. मोकळी सकाळ मिळाली तर दुसऱ्या ढिगाला हात लावत नाही, कितीही मोह झाला तरी. आपल्यापैकी बरेच जण नेमकं उलटं करतात: ताज्या डोक्याने फोल्डर आवरायचे आणि रात्री अकराला सिद्धता उघडायची.

हुकलेल्या दिवसाचं म्हणशील, तर आठवड्यातला एक तुकडा मी मुद्दाम रिकामा ठेवतो. त्यात काहीही घालायचं नाही. जे घसरेल ते तिथे येऊन पडतं. रिकामा राहिला तर झोपायचं. सात दिवस भरलेलं वेळापत्रक एका तापाने कोसळतं.

आणि एक. रात्री अंथरुणावर 'ते राहिलं, हे राहिलं' असं डोक्यात फिरत असेल तर उठून काम करायची गरज नसते. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचा २०११ चा अभ्यास आहे, अपुरं काम मनात घुटमळत राहतं, पण ते कधी, कुठे, कसं करणार याचा नेमका बेत केला की काम न करताही ते घुटमळणं कमी होतं. बेत नेमका हवा मात्र. 'उद्या नक्की' हा बेत नव्हे. 'उद्या बारा वाजता तास सुटला की खाली न उतरता तिथेच बसून मॅट्रिक्सचे पहिले दोन प्रश्न', हा बेत.

---

उलटी_गणती

रिकाम्या तुकड्याचं अगदी मान्य. मी त्यात आठवड्याचा आढावाही घालते, साधारण अर्धा-पाऊण तास. पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखा बघायच्या, मागचं काय घसरलं ते उचलून नवीन जागी ठेवायचं, आणि काही कामं सरळ रद्द करायची. रद्द करणं हे अवघड जातं लोकांना. सलग तीन आढाव्यांत जी ओळ जशीच्या तशी पुढे सरकली ती एक तर मोडून लहान करायची किंवा काढून टाकायची. तुझा तो 'फॉर्म' काढून टाक. खरंच महत्त्वाचा असेल तर कार्यालय आठवण करून देईल.

दिवस हुकला म्हणून मागचं सगळं भरून काढायला जाऊ नकोस. आजपासून पुढचं मांड, बस्स.

---

घोकंपट्टी_नको

नोट्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मध्ये पडतो.

'नोट्स पूर्ण करणे' हे यादीतलं सगळ्यात फसवं काम. दुसऱ्याच्या वहीतून सुंदर अक्षरात उतरवून काढलं की काम केल्याचं समाधान पुरेपूर मिळतं, आत काही गेलेलं नसतं. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरजोडण्या पाठ केल्या तर विसरणं सगळ्यात वेगाने पहिल्या काही तासांत होतं, नंतर वेग मंदावतो. अभ्यासाचा विषय निरर्थक नसतो, त्यामुळे तेच आकडे इथे लावू नयेत, पण त्याच दिवशी एकदा उजळणी करण्यात फायदा आहे एवढं नक्की. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये एक गंमत दाखवली: पाचच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर वाचून झाल्यावर मजकूर मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण वाचून लगेच 'येतंय की' म्हणतो ते त्या पाच मिनिटांच्या भरवशावर.

माझी वही अशी असते: पानाच्या डाव्या बाजूला दोन-तीन बोटं समास सोडायचा. तासाला उजवीकडे लिहायचं. संध्याकाळी डावीकडे फक्त प्रश्न: 'इथे फेज का बदलली?', 'हे समीकरण कुठल्या अटीवर?' परीक्षेच्या आधी उजवी बाजू झाकून डावीकडचे प्रश्न सोडवायचे. पद्धत जुनीच आहे, कॉर्नेल विद्यापीठातली म्हणून ओळखतात. आणि प्रत्येक पानावर तारीख आणि पान क्रमांक. वहीची पहिली दोन पानं कोरी सोडून त्यात अनुक्रमणिका करत जायचं. शोधाशोध तिथेच संपते.

---

सापडेना

अनुक्रमणिकेचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून.

आता शेवटचं राहिलं: फाइली. लॅपटॉपवर 'रिपोर्ट फायनल', 'रिपोर्ट फायनल नवा', 'रिपोर्ट फायनल नवा खरा' असा प्रकार आहे. त्यात प्रोजेक्टची फाइल चौघं चार ठिकाणी बदलतात. आणि पोर्टलवर पुढच्या सबमिशनची वेळ '१५ तारीख, रात्री १२' अशी लिहिलीय. ती १४ आणि १५ मधली रात्र की १५ आणि १६ मधली, यावर ग्रुपवर कालपासून वाद चालू आहे.

---

उलटी_गणती

'नवा खरा' आवडलं. माझ्याकडे एकदा 'हीच बघा' नावाची फाइल आली होती.

नाव तारखेने सुरू कर, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२५-०३-०७, मग विषय, मग काय आहे ते. आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ ८६०१) हाच क्रम आहे. त्याचा फायदा असा की नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप काळानुसार लागतात. आधी दिवस लिहिलास तर सगळ्या महिन्यांच्या सात तारखा एकत्र येऊन बसतात. एक आकडी दिवस-महिन्याआधी शून्य हवंच, नाहीतर बऱ्याच ठिकाणी १० हा २ च्या आधी लागतो. 'फायनल' हा शब्द नावात कधीच नको, शेवटची तारीख तीच फायनल. फोल्डर सत्र आणि विषय एवढेच, त्याच्या आत आणखी खण पाडत बसू नकोस.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक घराबाहेर: लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, क्लाउड. इथे एक गफलत होते. क्लाउडशी आपोआप जुळणारा फोल्डर म्हणजे बॅकअप असं लोक धरून चालतात. लॅपटॉपवर चुकून फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही उडते, जुळवणं याचा अर्थच तो. बऱ्याच सेवांमध्ये काही काळ कचरापेटीतून किंवा जुन्या आवृत्त्यांतून ती परत मिळते, ती सोय कुठे आहे ते आत्ताच बघून ठेव, हातघाईच्या वेळी नको.

प्रोजेक्टची फाइल एकच, सामायिक, आणि एकत्र बांधणारा माणूसही एकच. बाकीचे आपापला भाग वेगळ्या फाइलीत देतात, तो जोडतो. भेटलात की उठायच्या आधी तीन रकाने भरा: कोण, काय, कधीपर्यंत. 'आपण करू' असं लिहिलेलं काम कुणीच करत नाही. आणि संदर्भ आत्तापासून गोळा करा, पान क्रमांकासकट. झोटेरोसारखं मोफत साधन आहे (तू ॲप नको म्हणालास, पण हे रंगीत लेबलांचं नाही, शेवटी संदर्भसूची स्वतः बनवून देतं).

आता '१५ तारीख, रात्री १२'. घड्याळाच्या हिशेबाने १५ तारखेचे ००:०० म्हणजे १४ ची रात्र संपते तो क्षण. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा १५ ची रात्र असणार. पण पोर्टल मनातलं वाचत नाही, त्यात जे भरलंय त्यावर ते बंद होतं. म्हणून वाद घालू नका, एकाने शिक्षकांना एका ओळीचा मेल टाका आणि उत्तर ग्रुपवर चिकटवा. उत्तर येईपर्यंत १४ धरून चाला. आम्ही आमच्या विभागात यासाठीच आता २३:५९ लिहितो.

आणि अपलोड झालं की लगेच खिडकी बंद करू नकोस. तीच फाइल पोर्टलवरून परत उतरवून घे आणि उघडून पानं चाळ. कोरी पीडीएफ, अर्धाच ग्राफ आलेली पीडीएफ आणि दुसऱ्याच विषयाचा रिपोर्ट, हे तिन्ही प्रकार माझ्याकडे दर सत्रात येतात, आणि पाठवणाऱ्याला ते गुण लागल्यावरच कळतं.